हळदीच्या खळ्यात सुपरकार

फेब्रुवारी सरत आला की मामीचा फोन येतो. आधी जेवलास का, मग अंगावर पांघरूण घेतोस का, मग खरी बातमी. "कुकर लागला रं आपला."

हा कुकर स्वयंपाकघरातला नव्हे. रानात ट्रॉलीवर बसवलेले मोठे लोखंडी डबे, शेजारी भट्टी, भट्टीतून नळीनं डब्यात जाणारी वाफ, आणि डब्यात नुकतीच काढलेली हळद. या दिवसांत हिंगोली जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यानं जा, नाकाला तोच वास. ओल्या मातीचा, उकडलेल्या कंदाचा, थोडा औषधाचा. मी बेंगळुरूत काचेच्या खोलीत उभा असतो. एसी चालू असतो, समोर एखादी निळी नाहीतर केशरी सुपरकार असते, हातात पाण्याच्या फवाऱ्याची बाटली असते, आणि कानाला लावलेल्या फोनमधून तो वास येतो. खोटं वाटेल, पण येतो.

माझं काम फिल्म लावायचं. गाडीच्या रंगावर खडा लागू नये, ओरखडा पडू नये म्हणून तिच्या सगळ्या अंगाला एक पारदर्शक कातडी चढवतात. बोनेट, दारं, आरशाची पाठ, दिव्यांच्या कडा, सगळीकडे. खाली एक केस अडकला तरी चालत नाही. बुडबुडा राहिला तरी चालत नाही. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला कोट्यवधींच्या वस्तूला हात लावायला देतात, याचं मला अजूनही रोज सकाळी नवल वाटतं. मग भीती वाटते. मी हात दोनदा धुतो, घड्याळ काढतो, पट्टा काढतो, खिशातली चावी काढून ठेवतो, आणि तरी पहिला स्पर्श करताना वाटतं की आत्ता कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवील आणि म्हणेल, तू कसा काय आत आलास.

या गाड्यांची आणि माझी ओळख वहीच्या कव्हरवर झाली. आमच्या बाळापूरच्या बाजारातून आणलेल्या वह्यांवर हमखास एक लाल गाडी असायची, भुईला टेकलेली, दारं पंखांसारखी वर उघडलेली. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या वहीवर तीच. आत गणितं चुकत होती, पण कव्हर मी जपत होतो. पुढे शाळा सुटली. नांदेडला डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात राहिलो, तिथून हैदराबाद, तिथून बेंगळुरू. एक दिवस वर्कशॉपचं शटर वर गेलं आणि ती दारं खरोखर पंखांसारखी उघडली. त्या दिवशी मी काही काम केलं असेल तर आठवत नाही.

सोबतच्या पोरांकडून, गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून, मोबाईलवरच्या चित्रफितींतून मी या गाड्यांची कुळकथा गोळा केली. सुरुवात शर्यतीच्या गाड्यांतून झाली. युरोपात युद्ध संपल्यावर छोट्या छोट्या कारखान्यांत काही हट्टी माणसं शर्यतीसाठी गाड्या बांधत होती, आणि तो खर्च निघावा म्हणून त्यातल्याच काही रस्त्यावर चालतील अशा करून विकत होती. मग साठच्या दशकात कोणीतरी इंजिन उचलून पुढून मागं आणलं, बसणाऱ्याच्या पाठीशी. तेवढ्या एका उचलाउचलीत गाडीची चणच बदलली. नाक खाली गेलं, पाठ रुंद झाली, आणि गाडी उभी असतानाच पळाल्यासारखी दिसू लागली. मग कुणी हवेचा दाब वापरून इंजिनाला जास्त खायला घातलं. कुणी लोखंड काढून कापडासारख्या विणलेल्या काळ्या कार्बनची अंगं बनवली. कुणी तर चालकाला मधोमध बसवून दोन्ही बाजूंना एकेक पाहुणा बसवला. गरज कशाचीच नव्हती. बाजार करायला, लेकरू दवाखान्यात न्यायला यातलं काहीच लागत नाही. आणि मला वाटतं, अशा गाडीकडे माणूस ओढला जातो तो यामुळंच. जगात सगळं कशासाठी तरी असतं. ही फक्त पळण्यासाठी असते.

हे मला नीट कळलं ते मात्र बेंगळुरूत नव्हे. ते कळलं बाळापूरजवळ, मामाच्या रानात, अशाच हळदीच्या दिवसांत.

त्या वर्षी एक पांढरी गाडी आमच्याकडे फिल्मला आली होती. मालक इंदूरचे. काम झाल्यावर सरांनी, म्हणजे वर्कशॉपच्या मालकांनी, मला बोलावलं. म्हणाले, गाडी बंद ट्रकमधून जाईल, सोबत तू एकटा जा. तीन दिवसांनी सकाळी इंदूरला त्यांच्या हाती द्यायची. त्यांनी बिनडाग म्हटलं, तर नव्या शाखेत फिल्मचं सगळं काम तुझ्याकडे. डाग निघाला तर काय, ते सर बोलले नाहीत. ते मी माझ्या मनानं पूर्ण केलं. मी परत नांदेडला, पत्रा ठोकायला.

रस्ता हैदराबाद, नांदेड, आणि मग आमच्याच गावावरून हिंगोलीकडे. मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून मनातल्या मनात खूश होतो, की बाळापूरच्या चौकातून आपण जाऊ, आणि आत काय आहे ते कुणालाच कळणार नाही. बाळापूर मागं पडलं आणि ट्रकनं एक आवाज काढला. ड्रायव्हर तमिळ माणूस, शांत. उतरला, खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. एक्सल गेला होता. ट्रक ओढून न्यावा लागणार होता आणि ओढताना तिरपा होणार, त्यामुळं गाडी आत ठेवता येत नव्हती. दुसरा बंद ट्रक उद्या दुपारच्या आत येईल, असा निरोप आला.

दुपार कलत होती. हमरस्त्यावर गाडी उतरवली आणि पाच मिनिटांत तिथं जत्रा भरली. मला घाम फुटला. पेट्रोल पंपावर लावावी तर रात्रभर माणसं फोटो काढणार. तेव्हा मला आठवलं, की पुढच्याच वळणावर, रस्त्याला लागून बापूमामाचं रान आहे. पत्र्याचं शेड आहे. आणि कुकर लागलेला आहे, म्हणजे घरची सगळी माणसं तिथंच असणार.

रानात सगळ्यांत आधी दिसली ती मामी, कमरेवर हात ठेवून उभी. हात कोपरापर्यंत पिवळे.

"आगं बाई. ही गाडी हाये का घोरपड? भुईला चिटकून चालून राहिली."

"मामी, हात लावू नका."

"न्हाई लावत बाबा. लई शाना झाला."

रस्ता आणि रान यांच्यामध्ये पाण्याची नाली होती. ट्रॅक्टरसाठी तिच्यावर दगड-मुरूम टाकलेला, पण मधे चांगला उंचवटा. या गाड्यांना नाक चार बोटं वर उचलायचं बटण असतं. मी ते दाबलं, खाली वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. पोट टेकणारच होतं. मामानं न विचारता ट्रकमध्ये पोती चढवायच्या लांब फळ्या आणल्या, खाली मुरमाची पोती लावली आणि दोन्ही बाजूंच्या चाकांसाठी दोन वाटा केल्या. मी आत बसलो. काच खाली. पहिल्या गिअरमध्ये, श्वास धरून, गोगलगायीसारखा.

पुढची चाकं पार झाली. मागच्या चाकाखालची फळी सरकली.

गाडी एका बाजूला कलली आणि मागून घसरू लागली. खाली नाली, नालीत दगड. ब्रेक दाबूनही ती मुरमावर सरकत होती. मला आठवतं ते एवढंच, की कुकरजवळ काम करणारी सगळी बाया-माणसं एकदम धावली. कुणी मागून, कुणी बाजूनं. मामा ओरडत होता, "ताना रं, वर ताना," आणि दहा-बाराजणांनी नुसत्या हातांनी ती धरली, रेटली आणि रानात आणून सोडली.

मी खाली उतरलो. चाकं बरोबर, पोट बरोबर, कुठं दगड लागला नव्हता. आणि मागची दोन्ही अंगं आणि पाठ उकडलेल्या हळदीच्या ओल्या पंजांनी भरून गेली होती. पांढऱ्या गाडीवर पिवळे हात. मोठे, लहान, एक बांगड्यांच्या रेघांसकट.

मग एक बाई म्हणाली, "आमी हात धुतले न्हाई व्हय." जसं काही धुवायला वेळ होता.

मी ओलं फडकं घेतलं. हळद निघाली, पिवळा रंग तसाच. फिल्म वरून काचेसारखी दिसते, पण ती रंग पिते. काढून नवी लावायची तर धूळ नसलेली बंद खोली हवी, चार दिवस हवेत. इथं भुसा उडत होता. मी त्याच जागी पुन्हा पुन्हा फडकं घासतोय ते मामीनं बघितलं असावं. ती बादली घेऊन आली, कपडे धुवायच्या साबणाचा फेस केलेली, आणि मी थांबवायच्या आत तिनं एका पंजावर फेस चोळला.

पंजा लाल झाला. रक्तासारखा लाल.

मामी हात वर करून मागं सरली. मी खाली बसलो. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

तेव्हा रशीदचाचा आले. कुकर त्यांचा. दर वर्षी ते आपली भट्टी आणि डबे घेऊन रानोरान फिरतात, लोकांची हळद शिजवून देतात. त्यांचे वडीलही हेच करायचे, तेव्हा कढईत. चाचा जवळ आले, चष्मा वर करून लाल पंजाकडे बघितलं आणि मामीला म्हणाले, "सुमन, कुंकू कशाचं करतात गं?"

"हळदीचंच की."

"मंग साबण काहून लावला? चुना काय, साबण काय, हळद लालच पडनार." मग माझ्याकडे वळले. "उठ बेटा. लिंबू लाव, परत पिवळी व्हईल. आन् सकाळी उन्हात ठिव. हळदीचं आन् उन्हाचं वाकडं हाये. पूड उन्हात ठिवली की फिकी पडती का न्हाई?"

"पन ही फिल्म हाये चाचा."

"माझ्या पांढऱ्या पातळाला बी हळद लागली व्हती, उन्हात टाकलं," मघाची बाई म्हणाली. "अर्ध्या दिसात पांढरं फट झालं."

लिंबू चोळलं. लाल पंजा पिवळा झाला. ऊन मात्र तोवर बांधापलीकडे गेलं होतं.

संध्याकाळी भट्टी थंड होत असताना सगळे गाडीभोवती बसले, आता मुद्दाम चार हात लांब. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण प्रश्न थांबेनात.

"मागं शीट न्हाई?" मामा.

"न्हाई. दोनच."

"मंग लेकरंबाळं?"

"बायको-लेकराला घरी ठिवून हिंडायची गाडी हाये ती," एका बाईनं सांगून टाकलं, आणि सगळ्या हसल्या.

"डिक्की?"

"पुढं. एक पिशवी मावती."

"म्हंजे बाजार बी न्हाई करता येत." मामाला खरोखर वाईट वाटलं.

मग मी त्यांना ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट सांगितली. इटलीत एक माणूस होता, शेतकऱ्याचा मुलगा, ट्रॅक्टर बनवायचा. चांगला चालला होता धंदा. त्यानं एक भारी गाडी घेतली, तिचा क्लच सारखा त्रास द्यायचा. तो गाडी बनवणाऱ्याकडे तक्रार घेऊन गेला. बनवणारा म्हणे म्हणाला, तुला ट्रॅक्टर कळतात, गाड्या नाही. ट्रॅक्टरवाला घरी आला आणि स्वतःच गाड्या बनवायला लागला. खरं-खोटं देव जाणे, पण असं सांगतात. आणि त्याच्या गाडीवर खूण कशाची, तर बैलाची.

"बैल?" मामा सरसावून बसला.

"बैल. पुढं कितीतरी गाड्यांना नावं बी बैलांचीच दिली."

मामाकडे एकेकाळी पटाचा, म्हणजे शर्यतीचा, बैल होता, बादल नावाचा. शंकरपटात पळायचा. मामा त्याला खारीक चारायचा, अंघोळ घालायचा, आणि घरातली बाकीची माणसं कुरकुरायची.

चाचांनी विडी बाजूला धरली. "बापू, तू बादलला नांगराला जुपत होतास का?"

"येडा का काय? पटाचा बैल नांगराला जुपतेत व्हय?"

"पेरनीला?"

"न्हाई."

"मंग काहून पाळला?"

मामा हसला. उठून गाडीच्या नाकासमोर उकिडवा बसला, हात मागं बांधून, आणि जनावर विकत घेताना बघतात तसं तिच्या छातीकडे, खांद्याकडे, मागच्या भरलेल्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. "ही बी कामाची न्हाई म्हना की," तो शेवटी म्हणाला, आणि ते त्यानं इतक्या मायेनं म्हटलं, की तोवर मी वाचलेलं, ऐकलेलं, बघितलेलं सगळं त्या एका वाक्यात बसलं.

आता इलेक्ट्रिक सुपरकार येतात. आमच्या वर्कशॉपमध्येही आल्या. जुन्यांपेक्षा जोरात सुटतात आणि आवाज करत नाहीत. मी फोनवर मामाला सांगितलं, तर म्हणाला, आवाज न्हाई म्हंजे घुंगरं काढल्यावानी झालं. बरंच झालं, माझं काम तेच राहिलं. कातडी त्यांनाही लागते.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. सकाळी ऊन शेडच्या पत्र्यावर आलं तेव्हा मी गाडी बाहेर काढली. खळ्यात ताडपत्रीवर हळद पसरलेली होती, मधे थोडी जागा करून मामानं ती झाडून ठेवली होती. आज सगळ्यांचे हात धुतलेले होते. मामीनं तर हातांना स्वच्छ फडकी बांधली होती, जखम झाल्यासारखी.

मार्चचं ऊन. दहापर्यंत काही फरक दिसेना. मी दर दोन मिनिटांनी जवळ जाऊन बघायचो. चाचा ओरडायचे, "अरे, दूध तापायला ठिवलं का? सरक बाजूला, सावली पडून राहिली तुझी." खरंच माझीच सावली पडत होती.

मग डाव्या बाजूचे पंजे फिके वाटू लागले. मला वाटतंय का, असं मी मामीला विचारलं. मामी म्हणाली, "वाटत न्हाई, हाये." डावं अंग झालं तशी गाडी फिरवली. हळद वाळवताना उलथी-पालथी करतात तशी. पाठ उन्हाकडे. मग उजवं अंग. प्रत्येक वेळी मी आत बसून हातभर पुढं, हातभर मागं करायचो आणि बाहेरून बारा माणसं बारा दिशा सांगायची. पिवळ्याचा लिंबासारखा झाला, लिंबासारख्याचा सायीसारखा. बांगड्यांच्या रेघा सगळ्यात शेवटी गेल्या. ज्या बाईच्या त्या होत्या, ती शेजारी उभी राहून म्हणत होती, "जा की गं माय, काहून हट्ट धरती."

दुसरा ट्रक रस्त्यावर येऊन उभा राहिला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी फडकं ओलं करून शेवटचं एकदा सगळं अंग पुसलं आणि मागं होऊन बघितलं. चारही बाजूंना पिवळंच पिवळं रान, आणि मधे ती, पांढरी, जशी कुणी आत्ताच शिंपडून धुतलेली. मामानं डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. चाचा भट्टीकडे वळले, त्यांचा पुढचा डबा भरायचा होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "माझ्या काय पडतो, त्याच्या पड," आणि वर बोट दाखवलं. देवाकडे की सूर्याकडे, ते मी विचारलं नाही.

या वेळी फळ्यांना खुंट्या ठोकल्या होत्या. गाडी पाण्यावरून जावी तशी नालीवरून गेली.

इंदूरला मालक बंगल्यासमोर उभेच होते. साठीचे, अंगानं बारीक, पायात साधी चप्पल. मी रस्ताभर ठरवत आलो होतो आणि समोर उभा राहिल्यावर ठरवलेलं सगळं विसरलो. त्यांनी डाग तपासायची बॅटरी हातात घेण्याआधीच मी माझ्या तुटक्या हिंदीत सांगून टाकलं. ट्रक मोडला, गाडी माझ्या मामाच्या रानात होती, घसरली, माणसांनी धरली, हळद लागली, साबण लागला, लाल झाली, उन्हात ठेवली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी दोन्ही हात पुढं करून दाखवतोय, जणू पंजे माझ्याच हातांवर आहेत.

ते ऐकत राहिले. मग बॅटरी लावून गाडीभोवती फिरले. सावकाश. मागच्या अंगाशी खाली बसले. मी विटांच्या फरशीकडे बघत होतो.

"कहाँ लगी थी?"

"इधर. इधर भी. ये पूरा."

त्यांनी तिथं तळहात फिरवला. "नई चीज़ को हल्दी लगी, तो बुरा क्या हुआ," ते म्हणाले, आणि फोन काढून सरांना लावला. सरांशी काय बोलले ते सगळं कळलं नाही. शेवटी फोन माझ्या कानाला दिला. सर म्हणाले, "शाखा तुझी. ये लवकर, माणसं शिकवायची आहेत." मी हो म्हणालो. नक्की काय म्हणालो आठवत नाही, पण हो असावं.

मी चावी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"कितने साल से हो इस काम में?"

"छह."

"चलाई है कभी?"

"चढ़ाता हूँ, उतारता हूँ, साहब. ट्रक में."

"चलाई है?"

"नहीं."

ते दार वर उचलून दुसऱ्या बाजूला बसले आणि पट्टा बांधला.

बायपास सकाळचा, मोकळा. सहा वर्षं मी या गाड्यांना कातडी चढवली, त्यांच्या अंगाची प्रत्येक घडी मला डोळे मिटून सांगता येते, आणि पहिल्या गिअरच्या पुढं मी कधी गेलोच नव्हतो. दुसरा टाकला. मागं पाठीशी काहीतरी जागं झालं. तिसरा टाकला तेव्हा झाडं एकमेकांत मिसळली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, हसल्याचा की कशाचा, सांगता येणार नाही. शेजारून मालक विचारत होते, कितनी गई, कितनी गई. काटा कुठं होता ते मी बघितलंच नाही. समोर एवढा मोठा रस्ता होता, आणि तो कमी पडत होता.